डावी बाही

ब्लेडचं टोक तिने टाक्याखाली सरकवलं, मनगट जरासं वळवलं, आणि बाही खांद्यापासून सुटून तिच्या मांडीवर आली. मग कापडात अडकलेले दोऱ्याचे तुकडे ती नखाने एकेक करून वेचू लागली. घाई केली की कापड ओरबाडतं, हे तिला आता कोणी सांगावं लागत नव्हतं. मुंढ्याच्या मागच्या अंगाला, जिथे बाही खांद्याला मिळते तिथे, एक लाल दोरा बांधलेला होता. त्याच्यापाशी ती सगळ्यात शेवटी आली. गाठ सोडवून तिने तो तळहातावर सरळ केला आणि डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला.

“कितवा?” काजमावशीने मान वर न करता विचारलं.

“या महिन्यातला चौथा.”

“मागच्या महिन्यात?”

“अकरा.”

“मग तोंड पाडून का बसलीस? ताप उतरतोय म्हणायचा.”

काजमावशी गेली बावीस वर्षं या दुकानात काजं करत होती आणि बटणं लावत होती, म्हणून काजमावशी. इथे कोणालाच आपल्या नावाने हाक मारली जात नसे. मास्तर ते मास्तर. आणि ती पदवी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं होतं, आजवर काय केलंस? तिने जरा ताठ मानेनेच सांगितलं की पदवी घेतली आहे, पहिल्या वर्गात. मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “बरं झालं,” ते म्हणाले, “ती तिकडे खुंटीला अडकव आणि इथे येऊन बस.” तेव्हापासून ती पदवी झाली. पहिला महिनाभर ते नाव तिला टाचणीसारखं टोचलं. आता रस्त्यात कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर वळून बघायला तिलाच क्षणभर उशीर व्हायचा.

दुकानात ती आली होती ती मुलीमुळे. मुलगी तेव्हा सहा-सात महिन्यांची होती आणि संध्याकाळी रडायला लागली की कशानेच थांबत नसे. फक्त या दुकानाच्या काचेसमोर येऊन उभं राहिलं, आत इस्त्रीची वाफ फसकन वर आली की ती गप्प व्हायची. पोर वाफ बघायची आणि आई मास्तरांचे हात बघायची. महिनाभर असं बघून झाल्यावर एक दिवस ती काचेच्या आत आली.

पहिलं वर्षभर तिने फक्त उसवलं. जुने कोट, दुरुस्तीला आलेले कोट, लोकांनी शिवलेले, कोणी कोणी बिघडवलेले. “उसवता उसवता शिवणाऱ्याचा हात कळतो,” एवढंच मास्तर म्हणाले होते. दुसऱ्या वर्षी अस्तर, खिसे, इस्त्री. तिसऱ्या वर्षी बाही. बाहीचं डोकं मुंढ्यापेक्षा दोन बोटं मोठं असतं, आणि ते जास्तीचं कापड एकही चुणी न पडता टाक्याटाक्यात जिरवायचं असतं. तिने आजवर साठ-सत्तर बाह्या बसवल्या होत्या, सगळ्या टाकाऊ कापडाच्या. गिऱ्हाइकाच्या कोटाला तिची एकही बाही अजून लागली नव्हती.

लाल दोऱ्याची पद्धत मास्तरांच्याही आधीपासूनची. कामात चूक दिसली की मास्तर तोंडाने काही बोलत नसत. वीतभर लाल दोरा घेऊन चुकीच्या आसपास कुठेतरी बांधत आणि कपडा खुंटीला लावत. चूक कोणती, ते ज्याचं त्याने शोधायचं. ज्याने शिवलं त्यानेच उसवायचं. बांधणाऱ्याने सांगायचं नाही, बांधून घेणाऱ्याने विचारायचं नाही. आणि अंगावर लाल दोरा असेपर्यंत कपडा दाराबाहेर जायचा नाही, मग बाहेर गिऱ्हाईक म्हणून राजा का उभा असेना. काजमावशीलासुद्धा वर्षा-दोन वर्षांतून एखादा मिळे. त्या दिवशी ती चहा पीत नसे.

मास्तरांच्या कामाला दोरा बांधणारं मात्र कोणी नव्हतं. मागे एक कारागीर होता. दोन वर्षं काढून त्याला वाटायला लागलं की आपल्याला कळतं. एकदा भर गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, मास्तर, कॉलर जरा वाकडी वाटते. कॉलर सरळच होती. दुसऱ्या दिवशी त्याचं स्टूल रिकामं होतं.

ते स्टूल दाराजवळच्या कोपऱ्यात होतं, जिथे वारा लागतो आणि कोणाला बसायला आवडत नाही. आता त्यावर पदवी बसायची.

“पदवी,” मास्तरांनी हाक मारली. “इकडे ये. बघ. हात लावू नकोस.”

पोस्टमनचा कोट त्यांनी पुतळ्यावर चढवला होता. गर्द निळा, बारीक पोताचा. पोस्टमन शनिवारी निवृत्त होत होता, पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर, आणि निरोपाच्या समारंभाला घालायला आयुष्यातला पहिला कोट शिवून घेत होता. आज गुरुवार. उद्या पाच वाजता तो कोट न्यायला यायचा होता.

ती पुतळ्याभोवती एकदा फिरली, मग आणखी एकदा. दोन्ही बाह्या पाण्याची धार खाली यावी तशा खांद्यावरून उतरल्या होत्या. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. ते दोन बोटं जास्तीचं कापड गेलं कुठे, असा प्रश्न पडावा. तीन वर्षं ती ज्याच्या मागे होती ते हेच. तिने समाधानाने श्वास सोडला, आणि तो अर्ध्यातच अडकला.

तिला पोस्टमन आठवला.

तीन आठवड्यांपूर्वी माप द्यायला आला तेव्हा तो आरशासमोर असा उभा राहिला होता की जणू कोणीतरी त्याची हजेरी घेतंय. छाती पुढे, हनुवटी वर, दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले. मास्तर आकडे सांगत होते, काजमावशी वहीत लिहीत होती. एवढ्यात कापडवाल्याचा फोन आला. मास्तर फोनवर बोलायला वळले आणि पोस्टमन हात वर करून निघाला. दार उघडायला पदवीच उठली होती. दाराशी येईपर्यंत त्याने छातीतली हवा सोडली होती. खांदे आपल्या जागी आले. आणि डावा हात आपणहून कोपरात वाकून पोटाशी आला, पत्रांची चळत धरावी तसा. हातात काहीच नव्हतं. तो पायऱ्या उतरला, रस्त्याने गेला. उजवा हात झुलत होता, डावा तसाच.

तिच्या ते लक्षात राहिलं, कारण तिची मुलगी आता चार वर्षांची होती, स्वतःच्या पायांनी धावत होती, तरी कुठे रांगेत उभं राहिलं की तिची स्वतःची डावी कंबर अजून बाहेर निघायची. मूल कडेवरून उतरतं, कड तशीच राहते.

“काय?” मास्तर म्हणाले.

“काही नाही. छान बसलीय.”

“छान म्हणायला नाही बोलावलं. शिकायला बोलावलं.”

ती स्टुलावर जाऊन बसली. हातात ब्लेड घेतलं आणि बराच वेळ तिने काहीच उसवलं नाही.

*

“आणला?” दार उघडण्याआधीच मुलीने आतून विचारलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

घरातल्या फळीवर एक लाकडी रीळ होतं. मास्तरांनी बांधलेला प्रत्येक लाल दोरा घरी यायचा आणि आधीच्या दोऱ्याला जोडून त्या रिळावर गुंडाळला जायचा. गाठ मारायला भिंगरी त्याच रिळावर शिकली होती. आता ते काम तिचं होतं, आणि आई दोरा न घेता आली की ती रुसायची. आईच्या चुकांची एवढ्या आवडीने वाट बघणारं दुसरं कोणी नसेल. एकदा दोघींनी तो दोरा उलगडून पाहिला होता. स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत जाऊन परत, असा तीनदा भरला.

“आणलाय. पण आजचा राहू दे. मला उद्या लागणार आहे.”

“चुकीचा दोरा परत कशाला लागतो?” भिंगरीने विचारलं.

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं, मग फळीकडे. रिळाच्या शेजारी एक पाकीट उभं करून ठेवलेलं होतं. नवऱ्याने अर्ज भरला होता, तिने मुलाखत दिली होती, आणि मागच्या आठवड्यात पत्र आलं होतं. एका कार्यालयात, कागदपत्रांच्या विभागात. सोमवारी सकाळी दहा वाजता हजर व्हावे.

तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तीन वर्षं द्या. तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या कोटाला माझ्या हातची एक बाही लागली नाही, तर मुकाट्याने नोकरी धरेन. ती तीन वर्षं या शनिवारी पुरी होत होती. घरात तिला कोणी आठवण करून दिली नव्हती. नवरा फिरतीवरून फोन करायचा आणि पत्राचा विषय इतक्या काळजीपूर्वक टाळायचा की तो तेवढाच ऐकू यायचा.

“पत्राचं काय ठरलं?” सासूबाईंनी विचारलं.

“शनिवारी सांगते, आई.”

“सोमवारी हजर व्हायचंय आणि शनिवारी सांगते. हे बघ, पोर सांभाळते त्याचं मला काही नाही. गुडघे कुरकुरतात, पण ते नातीच्या आधीपासून कुरकुरतात. मला फक्त कळू दे की मी कशासाठी सांभाळतेय. शेजारीण विचारते, सूनबाई काय शिकली? काय सांगू? उसवायला शिकली?”

“आता बाही शिकतेय.”

“लागली कोणाच्या अंगाला?”

तिने पिशवी खाली ठेवली. शेजारी बसून शेंगा सोलू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, तुमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकात मीठ कमी पडलं, असं तुम्ही कधी म्हणालात?”

“एकदाच.”

“मग?”

“आठ दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.”

“आणि नंतर?”

“नंतर काय. मीठ घालायचं काम माझ्याकडे आलं.” सासूबाईंनी एक शेंग फोडली, आत दाणा नव्हता, टरफल बाजूला टाकलं. “पण मीठ खरंच कमी होतं हो. मी दोनदा चाखून बघितलं होतं.”

*

शुक्रवारी ती लवकर गेली. दुकान काजमावशीने नुकतंच उघडलं होतं आणि ती खुर्च्या झटकत होती. पदवीने पिशवी ठेवली, पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. दोनदा चाखून बघावं तसं तिने दोनदा पाहिलं. पुतळ्यावर चूक नव्हतीच. पुतळ्याला पस्तीस वर्षांची नोकरी कुठे होती? तिने मापाची वही उघडली. छाती, कंबर, खांदा, बाहीची लांबी. पुढे काही टीप नव्हती. मास्तर अशा गोष्टी लिहीत नसत, डोळ्यांत ठेवत. आणि त्या वेळी त्यांचे डोळे फोनकडे होते.

तिने पिशवीतून कालचा दोरा काढला. डाव्या बाहीच्या मागच्या अंगाला, खांद्याखाली चार बोटांवर, एका टाक्यातून तिने तो ओवला आणि गाठ मारली.

“अगं ए,” काजमावशीच्या हातातलं फडकं थांबलं. “काय करतेस?”

“दोरा बांधतेय.”

“ते दिसतंय मला. कोणाच्या बाहीला बांधतेस ते दिसतंय का तुला?”

“हो.”

“सोमवारच्या नोकरीचं नक्की झालं वाटतं. म्हणून जाता जाता असं?”

“नाही, मावशी. नक्की झालं असतं तर बांधला नसता. गुपचूप निघून गेले असते.”

काजमावशीने फडकं खुर्चीवर जरा जोरातच आपटलं. “तू सोड, नाहीतर मी सोडते. अजून दहा मिनिटं आहेत त्यांना यायला.”

पण मास्तर त्या दिवशी पाच मिनिटांतच आले. चपला काढल्या, छत्री कोपऱ्यात ठेवली, चष्मा पुसला. पुतळ्यावरून नजर पुढे गेली आणि परत आली. ते जवळ गेले. दोऱ्याला हात न लावता वाकून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, रस्त्यात पडलेल्या किल्लीकडे माणूस बघतो तसं.

“हा कोणी बांधला?”

काजमावशी सुईत दोरा ओवू लागली. सुईला भोक नसावं इतका वेळ तिला लागला.

“मी,” पदवी म्हणाली.

“का?”

“सांगायचं नसतं ना, मास्तर.”

मास्तरांचा चेहरा काही सांगत नव्हता. त्यांनी उजव्या हाताने कानाची पाळी चोळली, खुर्ची पुतळ्यासमोर ओढली आणि बसले.

पंधरा मिनिटं ते नुसते बसून होते. मग उठून पुतळ्याभोवती फिरले. टेप लावला, वही मागवली, दोन्ही बाह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. मुंढ्यावरून अंगठा फिरवला, डोळे मिटून. मग कोट उतरवून खिडकीपाशी नेला, उलटा केला, अस्तराच्या आत हात घालून शिवण चाचपली. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या अंगात घातला आणि आरशासमोर उभे राहिले. पोस्टमन त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता. बाह्या बोटांवर आल्या. तशा अवस्थेत ते आरशातल्या स्वतःकडे बघत राहिले, मोठ्या भावाचा कोट घातलेल्या शाळकरी पोरासारखे, आणि काजमावशीला खोकला आला. तो खोकला नव्हता.

“पदवी,” मास्तर आरशातूनच म्हणाले. “बाहीत चूक नाही.”

“हो. बाहीत नाही.”

“मग?”

नियम मोडायचा नव्हता. तिने टेबलावरची कापलेल्या कागदांची चळत उचलली, डाव्या हातावर घेतली, कोपर वाकवून पोटाशी धरली आणि दारापर्यंत चालत गेली. दारापाशी तिने कागद स्टुलावर ठेवले. हात मात्र तसाच वाकलेला ठेवला, आणि परत चालत आली.

मास्तरांनी अंगातला कोट हळूहळू उतरवला.

“माप घेताना माणूस…” ती म्हणाली.

“खोटा उभा राहतो,” ते म्हणाले. “खरा बघायचा तर दारातून बाहेर पडताना.” ते थांबले. “मी फोनवर होतो.”

“हो.”

“आणि तू दाराशी होतीस.”

“तिथेच बसवलंय ना तुम्ही मला.”

मास्तरांनी लाल दोऱ्याची गाठ सोडली. दोरा टेबलावर ठेवला, त्यावर खडूचा तुकडा ठेवला, उडू नये म्हणून. मग त्यांनी तिच्यापुढे हात पसरला. तिला आधी कळलंच नाही काय हवंय ते. कळलं तेव्हा तिने स्वतःचं ब्लेड त्यांच्या हातावर ठेवलं. ज्याने शिवलं त्यानेच उसवायचं. ते तिच्या स्टुलावर जाऊन बसले, कारण उजेड तिथेच चांगला होता, आणि एकेक टाका उचलू लागले. तिने त्यांना शिवताना तीन वर्षं पाहिलं होतं. उसवताना आज पहिल्यांदा पाहत होती. कापडाला कळतही नव्हतं.

बाही सुटली तेव्हा साडेअकरा झाले होते. मास्तरांनी ती झटकली, हातावर तोलली आणि तिच्याकडे धरली.

“बसव.”

“मी?”

“मला कुठे माहीत आहे त्याचा हात किती पुढे येतो? तू बघितलास.”

“मास्तर, गिऱ्हाइकाचा कोट आहे.”

“मग काय पुतळ्याचा शिवतो आपण?” ते वळले, आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तिच्याकडे पाठ करून काजमावशीची बटणं मोजू लागले. ती बटणं मोजायची काहीच गरज नव्हती.

सुई टोचू नये म्हणून तिने अंगुस्तान बोटात घातलं. खांद्यावरची जुनी खूण पुसून बोटभर पुढे नवी खूण केली. मग थांबली, स्वतःचा डावा हात पोटाशी वाकवून खाली पाहिलं आणि खूण आणखी तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकवली. कच्चा टाका घालायला सुरुवात केली. दोन बोटं जास्तीचं कापड. थोडं इथे जिरवायचं, थोडं तिथे, आणि बाही पुढे वळल्यामुळे मागच्या अंगाला जरा जास्त. जेवणाची वेळ आली आणि गेली. काजमावशीने तिचा डबा तिच्याजवळ आणून ठेवला, नंतर उचलून परत नेला. मध्येच तिला वाटलं, एक चुणी पडतेय. तिने चार टाके काढून पुन्हा घातले. मग वाफ, मग दाब, मग अस्तर.

चार वाजता तिने कोट पुतळ्यावर चढवला. डावी बाही आता विचित्र दिसत होती, पुतळ्याने काही मागायला हात पुढे करावा तशी. मास्तर उठून आले. फिरले. अंगठा फिरवला, डोळे मिटून. लाल दोऱ्याचं रीळ त्यांच्या टेबलाच्या खणात असायचं. ते टेबलाकडे गेले. त्यांनी खणातून कात्री काढली, अस्तराला लोंबणारं एक सूत कापलं आणि कात्री परत ठेवली.

पोस्टमन पाचच्या ठोक्याला आला. “पस्तीस वर्षांत टपाल उशिरा नेलं नाही, आता कोटाला उशिरा कसा येऊ?” म्हणाला. कोट अंगावर चढला आणि तो पुन्हा तसाच, हजेरीला उभा राहिल्यासारखा ताठ झाला. डावी बाही खांद्याखाली मुरगळली. त्याच्या ते लक्षात आलं आणि चेहरा जरा उतरला, पण बोलायला तो संकोचला.

“पोस्टमनसाहेब,” मास्तर म्हणाले, “जरा हे धरता का?” आणि कागदांची चळत त्यांनी त्याच्यापुढे केली.

त्याने सवयीने ती डाव्या हातावर घेतली. खांदे सैल झाले. हात पोटाशी आला, बाही त्याच्याबरोबर आली, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत कापड पाण्यासारखं स्थिर झालं. मास्तरांनी कागद काढून घेतले. हात तिथेच राहिला. बाहीसुद्धा.

पोस्टमन आरशात बघत होता. शर्टाच्या बाह्या आयुष्यभर त्याला डावीकडे खेचत आल्या होत्या, आणि कापड असंच असतं असं तो धरून चालला होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “हा कोट माझ्यासारखाच उभा राहतोय की. मानलं तुमच्या हाताला.”

“उजवी बाही माझी,” मास्तर म्हणाले. “डावी हिची आहे.”

पोस्टमन वळला. दाराजवळच्या स्टुलाशी उभ्या असलेल्या बाईकडे त्याने पाहिलं. मग त्याने नव्या कोटाचा डावा हात उचलून कपाळाला लावला. कापड कुठेही ओढलं गेलं नाही. तिने तेवढंच पाहिलं. मग दार उघडायला ती पुढे झाली, आणि तो रस्त्याने कोपऱ्यापर्यंत जाईतो ती, काजमावशी आणि मास्तर तिघंही काचेआडून त्याची पाठ बघत होती.

“चला, आवरा,” मास्तर म्हणाले.

त्यांनी टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला. तो नेहमी अडकायचा, आजही अडकला. आत हात घालून त्यांनी एक लाकडी रीळ बाहेर काढलं. त्यावरचा लाल रंग उडून विटकरी झाला होता आणि वीत-वीत अंतरावर गाठी होत्या, शेकडो. रीळ इतकं भरलेलं होतं की दोन्ही कडा दिसत नव्हत्या.

“अगं बाई,” काजमावशी म्हणाली. “हे काय? मी कधी पाहिलं नाही.”

“तू येण्याआधीचं आहे. मला दोरा बांधणारे माझे मास्तर गेले, तेव्हापासून बंद.” त्यांनी खडूखालचा दोरा उचलला, रिळाच्या टोकाला जोडून गाठ मारली आणि गुंडाळून टाकला. विटकरी रंगावर तो एकटाच लाल होता. “तुझं किती झालं?”

घरचं रीळ त्यांना कसं माहीत, हे तिने विचारलं नाही. “एक भरत आलंय.”

“माझं हे तिसरं.” त्यांनी रीळ खणात ठेवलं आणि खण गुडघ्याने ढकलून बंद केला. छत्री उचलली, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाले, “सोमवारी लवकर ये. दोन कोट आहेत. बाह्या तू बघ.”

“सोमवारी?”

“का? सोमवारी काही आहे?”

काजमावशीची सुई काजात तशीच थांबली.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

आणि टेबलावरचं आपलं ब्लेड उचलून, पुसून, तिने ते अंगुस्तानाशेजारी ठेवलं.